व्हेंटिलेटरवरच्या उंदराच्या छातीचं शूटिंग शास्त्रज्ञ का करतात?

कोरोनाच्या काळात 'व्हेंटिलेटर' हा शब्द घराघरात पोचला. बेड मिळाला का, व्हेंटिलेटर मिळाला का, हेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होते. पण व्हेंटिलेटर लागल्यावर पुढे काय होतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. मशीन हवा आत ढकलतं, पेशंटची छाती वर येते, खाली जाते. बघणाऱ्याला वाटतं, चला, श्वास तरी चालू आहे.

पण ती छाती किती वर यायला हवी? कमी आली तर ऑक्सिजन पुरत नाही. मग जास्त आली तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. जास्त हवा भरली तर फुफ्फुसाला इजा होते आणि जीव वाचवायला लावलेलं मशीनच जिवावर उठू शकतं. ही गोष्ट डॉक्टरांना समजली त्यात प्रयोगशाळेतल्या उंदरांचा मोठा वाटा आहे. म्हणूनच व्हेंटिलेटरवरच्या उंदराची छाती आणि आतलं फुफ्फुस कसं हलतं, याचे फोटो आणि व्हिडिओ घेण्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ इतका खटाटोप करतात.

आधी बघू, व्हेंटिलेटर नेमकं काय करतो?

आपण श्वास घेतो तेव्हा छातीखालचं श्वासपटल खाली सरकतं आणि बरगड्या फाकतात. छातीच्या आतली जागा वाढते, तिथला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपोआप आत येते. थोडक्यात, आपण हवा आत ओढतो.

आजचा व्हेंटिलेटर याच्या उलट काम करतो. तो घशातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीवाटे हवा आत ढकलतो.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती 1952 साली, डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये. तिथे पोलिओची मोठी साथ आली होती. त्याआधी अशा पेशंटना 'आयर्न लंग' नावाच्या लोखंडी पिंपात झोपवायचे. त्यात डोकं बाहेर, बाकीचं शरीर आत असायचं. पिंपातला दाब कमी केला की छाती फुगायची आणि हवा आत यायची. पण कोपनहेगनमध्ये पेशंट खूप आणि मशीन अगदी मोजकी होती. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरायची, असा मार्ग सुचवला. त्यासाठी मेडिकलचे शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने पेशंटच्या उशाशी बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून झाली असं मानतात.

पुढे हाताची जागा मशीनने घेतली. 1967 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 12 पेशंटच्या नोंदींवरून एका गंभीर आजाराचं वर्णन केलं. त्यात फुफ्फुसात पाणी भरतं, ती कडक होतात आणि ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. यालाच आज एआरडीएस म्हणतात. कोरोनात अनेकांना याच अवस्थेत व्हेंटिलेटर लागला होता.

त्या काळी अशा पेशंटना दर श्वासाला भरपूर हवा दिली जायची. फुफ्फुस आजारी आहे, त्याला जास्त हवा हवी, असा साधा हिशेब होता. भीती होती ती दाबाची. दाब जास्त झाला तर फुफ्फुस फाटेल, एवढीच.

रॅटवरच्या दोन प्रयोगांनी काय दाखवलं?

प्रयोगशाळेत उंदरांच्या दोन जाती जास्त वापरल्या जातात, माऊस आणि रॅट. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण आकारात बराच फरक आहे. मोठा माऊस साधारण 20 ते 30 ग्रॅमचा, तर रॅट सहज 300 ग्रॅमच्या आसपास भरतो.

1974 मध्ये अमेरिकेतल्या हर्बर्ट वेब आणि डोनाल्ड टियर्नी यांनी निरोगी रॅटना व्हेंटिलेटर लावला. काहींना कमी दाबाने हवा दिली, काहींना खूप जास्त म्हणजे 45 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने. जास्त दाबाच्या गटातल्या रॅटची फुफ्फुसं तासाभराच्या आतच पाण्याने भरली. आजार कुठलाच नव्हता, जे झालं ते मशीनमुळे झालं.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. काही रॅटना तेवढाच जास्त दाब दिला, पण श्वास सोडताना फुफ्फुस पूर्ण रिकामं होऊ दिलं नाही, आत थोडा दाब धरून ठेवला. त्यांच्या फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये, म्हणजे वायुकोशांमध्ये, पाणी भरलं नाही. या धरून ठेवलेल्या दाबाला 'पीप' म्हणतात. आज आयसीयूतल्या प्रत्येक व्हेंटिलेटरवर हा आकडा दिसतो.

दुसरा प्रयोग 1988 चा, फ्रान्समधला. दिदिए द्रेफुस, जॉर्ज सोमों आणि सहकाऱ्यांना प्रश्न पडला होता की इजा दाबामुळे होते की फुफ्फुस जास्त फुगल्यामुळे? या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या कशा?

त्यांनी साधी युक्ती केली. काही रॅटच्या छाती-पोटाभोवती पट्टा आवळला. आत जाणारा दाब जास्त, पण छाती फुगायला जागाच नाही. दुसऱ्या गटाला आयर्न लंगसारख्या मशीनमध्ये ठेवलं. तिथे नळीतून दाब दिलाच नाही, पण छाती मात्र भरपूर फुगवली.

पट्टा बांधलेल्या रॅटची फुफ्फुसं जास्त दाब असूनही बचावली. ज्यांची छाती भरपूर फुगली, त्यांच्या फुफ्फुसात दाब न ढकलताही पाणी भरलं.

म्हणजे खरा धोका नळीतल्या दाबाच्या आकड्यात नव्हता. फुफ्फुस किती ताणलं गेलं, यात होता. फुफ्फुसाचा ताण हाच मुद्दा असेल, तर तो मोजायलाच हवा. उंदराच्या छातीच्या शूटिंगची गरज इथून सुरू होते.

हवा किती गेली हे मशीन सांगतंच, मग फोटो कशाला?

कारण मशीन फक्त बेरीज सांगतं.

समजा दर श्वासाला 400 मिलिलिटर हवा आत गेली. ती दोन्ही फुफ्फुसांत सगळीकडे सारखी वाटली गेली, तर ठीक. पण एआरडीएसमध्ये फुफ्फुसाचा बराच भाग पाण्याने भरलेला किंवा मिटलेला असतो. इटलीचे डॉक्टर लुचानो गॅतिनोनी यांनी 1980 च्या दशकात सीटी स्कॅन वापरून हे दाखवलं. मोठ्या माणसाच्या छातीत काम करणारं फुफ्फुस लहान मुलाएवढंच उरलेलं असतं. त्यांनी त्याला 'बेबी लंग' म्हटलं. सगळी हवा त्या उरलेल्या भागात जाते आणि तोच भाग प्रमाणाबाहेर ताणला जातो.

मिटलेल्या भागाचा त्रास वेगळाच. तिथले वायुकोश दर श्वासाला उघडतात आणि पुन्हा मिटतात. या सततच्या उघडझापीनेही त्यांच्या भिंतींना इजा होते. पीपमुळे ते उघडे राहायला मदत होते.

छातीची हालचाल स्वतःच्या श्वासात आणि मशीनच्या श्वासात सारखी नसते, हेही महत्त्वाचं. 1974 मध्ये अ‍ॅलिसन फ्रोझ आणि चार्ल्स ब्रायन यांनी माणसांवर एक्स-रेने याचा अभ्यास केला. उताणं झोपलेला माणूस स्वतः श्वास घेतो, तेव्हा श्वासपटलाचा पाठीकडचा भाग जास्त हलतो. स्नायू सैल करणारं औषध देऊन मशीनने हवा भरली, तर पोटाकडचा, म्हणजे वरचा भाग जास्त हलतो. हवा जाते वरच्या बाजूला, रक्त मात्र गुरुत्वाकर्षणामुळे खालच्या बाजूला जास्त असतं. दोघांची गाठ नीट पडत नाही.

हे सगळं एका आकड्यात दिसत नाही. फुफ्फुसाचा कुठला भाग किती फुगला, ते दाखवणारं चित्रच हवं.

उंदराचा श्वास कॅमेऱ्यात पकडणं अवघड का?

माणसाचा सीटी स्कॅन करताना सांगतात, 'श्वास घ्या, धरून ठेवा.' उंदराला हे सांगता येत नाही. शिवाय:

- माऊस मिनिटाला शंभराहून जास्त श्वास घेतो. मिनिटाला 150 धरले, तरी एक श्वास 0.4 सेकंदात संपतो.
- त्याचं हृदय मिनिटाला 500 ते 700 वेळा धडधडतं आणि शेजारच्या फुफ्फुसालाही हलवतं.
- 25 ग्रॅमच्या माऊसला किलोमागे 8 मिलिलिटर या हिशेबाने एका श्वासात 0.2 मिलिलिटर हवा लागते. म्हणजे पाण्याच्या साधारण चार थेंबांएवढी.
- छातीची हालचाल एखाद्या मिलिमीटरची असते, आणि आतले वायुकोश मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान.

चालत्या एसटीतून बाहेरचा फोटो काढला तर तो जसा हलतो, तसंच इथे होतं. श्वासाकडे लक्ष न देता स्कॅन केला, तर श्वासपटलाची कड पुसट होते. फुगलेलं आणि रिकामं फुफ्फुस एकाच चित्रात मिसळतं. मग ताण मोजणं दूरच राहतं.

मग यावर तोडगा काय काढला?

इथे व्हेंटिलेटरच मदतीला येतो. उंदराला भूल देतात, श्वासनलिकेत बारीक नळी घालतात आणि अंग गार पडू नये म्हणून ऊब देतात. आता श्वास मशीनच्या ताब्यात असतो, त्यामुळे प्रत्येक श्वास जवळपास सारखा होतो.

मग व्हेंटिलेटर आणि स्कॅनर एकमेकांना वायरने जोडतात. दर श्वासात ठरलेल्या क्षणी, उदाहरणार्थ छाती पूर्ण फुगलेली असताना, व्हेंटिलेटर इशारा देतो आणि स्कॅनर एकच फोटो घेतो. पुढच्या श्वासात स्कॅनर किंचित फिरतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कोनातून फोटो घेतो. असे 400 फोटो हवे असतील आणि मिनिटाला 150 श्वास चालू असतील, तर तीन मिनिटांच्या आत काम होतं. सगळे फोटो जोडले की फुगलेल्या फुफ्फुसाचं थ्रीडी चित्र तयार होतं. याला 'गेटिंग' म्हणतात. फाटक फक्त ठरलेल्या क्षणी उघडायचं, असा त्याचा अर्थ.

दुसरी पद्धत अशी की फोटो सलग घेत राहायचे, सोबत श्वासाचा आलेख नोंदवायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर एकाच टप्प्यातले फोटो वेगळे काढायचे. तिसरी पद्धत म्हणजे मशीनलाच ठरावीक दाबावर क्षणभर श्वास रोखायला लावायचा आणि तेवढ्यात फोटो घ्यायचा.

श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अशी चित्रं घेऊन ती ओळीने लावली, की छाती वर-खाली होण्याचा थ्रीडी व्हिडिओ तयार होतो. वेळ हे चौथं परिमाण धरून याला 'फोर-डी सीटी' म्हणतात.

फुफ्फुसातल्या ठिपक्यांचा माग

साध्या एक्स-रेमध्ये फुफ्फुस काळपट दिसतं, कारण त्यात बहुतेक हवाच असते. पण एक्स-रे अतिशय तीव्र आणि एकाच दिशेने जाणारे असतील, तर हवा आणि पेशी जिथे भेटतात तिथे ते किंचित वळतात. लाखो वायुकोशांमुळे चित्रात बारीक ठिपक्यांची नक्षी उमटते. याला 'फेज कॉन्ट्रास्ट' पद्धत म्हणतात.

असे एक्स-रे सिंक्रोट्रॉन नावाच्या अवाढव्य यंत्रात तयार होतात. जपानच्या ह्योगो प्रांतातलं 'स्प्रिंग-8' हे त्यातलं एक. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातले संशोधक व्हेंटिलेटरवरचे उंदीर घेऊन तिथे काम करत होते. आंद्रेआस फोरास यांच्या गटाने ठिपक्यांच्या नक्षीचा वेगळा वापर केला. विमानाभोवतीचा वारा किंवा पाण्याचा प्रवाह तपासताना इंजिनिअर त्यात बारीक कण सोडतात आणि दोन फोटोंमध्ये कण किती सरकले ते मोजतात. इथे फुफ्फुसातले ठिपकेच कणांचं काम करतात.

एका फोटोत ठिपक्यांचा गट इथे आहे, काही मिलिसेकंदांनी तो थोडा पुढे गेला. त्यावरून तो भाग किती वेगाने आणि कुठल्या दिशेने हलला, हे कळतं. शेजारचे गट एकमेकांपासून लांब गेले, तर तो भाग फुगला. असं करत पूर्ण फुफ्फुसाचा रंगीत नकाशा तयार होतो. कुठे हवा नीट जाते, कुठे कमी जाते, कुठला भाग जास्त ताणला जातो, सगळं त्यात दिसतं.

हे तंत्र पुढे माणसांपर्यंत आलं. फोरास यांच्या 'फोरडीमेडिकल' कंपनीच्या सॉफ्टवेअरला 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली.

एक्स-रेशिवाय दुसरे मार्ग आहेत का?

आहेत. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, पण फुफ्फुसात पाणी कमी आणि हवा जास्त असल्यामुळे साध्या एमआरआयला ते नीट दिसत नाही. त्यासाठी झेनॉन वायूवर लेझरच्या मदतीने प्रक्रिया करतात, म्हणजे त्याचा सिग्नल हजारो पटींनी वाढतो, आणि तोच वायू श्वासातून देतात. 1994 मध्ये 'नेचर'मध्ये अशी पहिली चित्रं छापून आली, ती माऊसच्या शरीराबाहेर काढलेल्या फुफ्फुसाची होती. 2022 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत माणसांसाठी झेनॉन एमआरआयला मंजुरी मिळाली.

स्वस्त मार्गही आहेत. छातीवरचे केस काढून खुणा करायच्या आणि वेगवान कॅमेऱ्याने त्यांचं शूटिंग करायचं, किंवा लेझरने छातीची उंची मोजत राहायचं. श्वासाचा वेग आणि ताल यातून नीट कळतो. पण हे मोजमाप कातडीवरचं आहे. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलताना दिसली, तरी आत एखादा भाग मिटलेला असू शकतो.

यात फसगत कुठे होते?

पहिली फसगत हवेच्या मापात होते. व्हेंटिलेटरवर 0.2 मिलिलिटर सेट केलं, तरी तेवढी हवा फुफ्फुसात जाईलच असं नाही. थोडी नळीत दबून राहते, थोडी नळीच्या कडेने गळते. माणसाच्या बाबतीत एवढीशी हवा हिशेबात धरायचं कारण नाही, पण माऊसच्या बाबतीत ती मोठा वाटा ठरते.

दुसरी भुलेमुळे होते. भुलेखाली पडून राहिलं की फुफ्फुसाचे काही भाग हळूहळू मिटत जातात. म्हणून मधूनमधून एक खोल श्वास दिला जातो. तो स्कॅनच्या आधी दिला की नंतर, यावर चित्र बदलतं. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नसतील, तर कारण इतकं साधंही असू शकतं.

तिसरी, एक्स-रेच्या डोसची. एकाच उंदराचे वारंवार स्कॅन केले तर रेडिएशनचाच परिणाम होऊ शकतो.

आणि सगळ्यात मोठी म्हणजे उंदीर हा छोटा माणूस नाही. त्याच्या डाव्या फुफ्फुसाला एकच भाग असतो, आपल्या डाव्या फुफ्फुसाला दोन. त्याच्या बरगड्यांचा पिंजरा खूप लवचीक असतो. शिवाय जुन्या प्रयोगांमध्ये रॅटना इतकी हवा दिली होती, की तेवढी कुठल्याच आयसीयूत देत नाहीत. त्यामुळे हे माणसालाही लागू होतं का, ही शंका रास्त होती.

मग माणसांवर कधी सिद्ध झालं?

1990 च्या दशकात माणसांवर काही छोट्या चाचण्या झाल्या, पण निष्कर्ष उलटसुलट आले. शेवटी अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली आणि 2000 साली तिचे निकाल छापून आले. एआरडीएसच्या एका गटाला किलोमागे 12 मिलिलिटर हवा दिली, दुसऱ्याला 6 मिलिलिटर. जास्त हवेच्या गटातले 39.8 टक्के पेशंट दगावले, कमी हवेच्या गटातले 31 टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की 861 पेशंट झाल्यावर चाचणी ठरलेल्या वेळेआधीच थांबवली.

म्हणजे शंभर पेशंटमागे जवळपास नऊ जीव. नवं औषध नाही, महाग मशीन नाही. फक्त छाती कमी फुगवली.

यातला 'किलोमागे' हा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. इथे पेशंटचं काट्यावरचं वजन धरत नाहीत. फुफ्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. म्हणून उंचीवरून वजनाचा अंदाज काढतात. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी ते साधारण 61.5 किलो येतं. किलोमागे 6 मिलिलिटर धरले, तर एका श्वासाला सुमारे 370 मिलिलिटर. त्याचं खरं वजन 60 असो वा 100, आकडा तोच.

1974 च्या रॅटपासून 2000 च्या या निकालापर्यंत 26 वर्षं गेली. पुढे कोरोनात एआरडीएसच्या पेशंटसाठी हाच कमी हवेचा नियम पाळायला सांगितलं गेलं.

आणि त्या उंदरांचं काय?

हा प्रश्न टाळता येत नाही. यातले बरेचसे प्रयोग उंदराला भूल दिलेली असताना होतात आणि अनेकदा प्रयोगाच्या शेवटी त्याला मारलं जातं. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्राची समिती अशा प्रयोगांवर लक्ष ठेवते आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी घ्यावी लागते. 1959 मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडलेली तीन तत्त्वं जगभर आधार मानली जातात. शक्य तिथे प्राणी वापरू नका, वापरावे लागले तर कमीत कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमी करा.

यातल्या दुसऱ्या तत्त्वाला इमेजिंगची मदत होते. पूर्वी इजा कशी वाढत जाते हे बघायला दर टप्प्यावर उंदरांचा एक गट मारून फुफ्फुस तपासावं लागायचं. आता एकाच उंदराचा पुन्हा पुन्हा स्कॅन करून तेच बघता येतं.

आयसीयूतल्या मॉनिटरवर आजही बहुतेक ठिकाणी दाब आणि हवेची बेरीजच दिसते. छातीभोवती इलेक्ट्रोडचा पट्टा बांधून, अगदी सौम्य वीजप्रवाहाने फुफ्फुसाचा कुठला भाग किती भरतोय हे दाखवणारी मशीन काही हॉस्पिटलमध्ये आली आहेत. पण ती सगळीकडे पोचलेली नाहीत. तोपर्यंत पेशंटची छाती संथपणे, थोडीशीच वर येताना दिसली, तर नातेवाइकांनी घाबरून जायचं कारण नाही. एआरडीएसमध्ये ती अनेकदा मुद्दाम तशी ठेवलेली असते.